अर्धा सिलिंडर

एल आल्तोमध्ये बटाटे शिजायला तास लागतो.
पाणी लवकर उकळतं, पण ती उकळी लटकी,
शहाऐंशी अंशांवरच उड्या मारणारी.
समुद्रापासून चार हजार मीटर वर
हवेला वजन कमी,
आणि तिबुर्सिया यानारिकोचं काम
त्या हलक्या हवेत जड सिलिंडर भरण्याचं.

रात्रपाळी. कॉम्प्रेसरची घरघर.
ती पान्याने एकेक सिलिंडर वाजवून बघते.
रिकामा लांबवर घुमतो.
भरलेला आवाज आखडता घेतो,
तोंडात घास असल्यासारखा.
मग व्हॉल्व्हवर साबणाचा फेस.
ऑक्सिजनला वास नाही, रंग नाही,
हा चोर बुडबुड्यातच सापडतो.

बुधवारी रात्रशाळेत एवारिस्तो मास्तर
पत्र्याच्या डब्यात वाळलेले पावटे घालून
पोरांच्या कानाशी खुळखुळवतो.
दाब म्हणजे एवढंच, म्हणतो,
आतून भिंत ठोठावणारे असंख्य,
आणि त्यातल्या कुणालाच काही नकोय.
सरळ जायचं, आपटायचं, वळायचं.
वेग असा की पिस्तुलाची गोळी मागे पडेल.

मग मागच्या बाकावर सोललेल्या संत्र्याचा वास
फळ्यापर्यंत यायला इतका वेळ का?
तिबुर्सियाने विचारलं. संत्रं तिच्याच हातात होतं.
मास्तर इतका खूश झाला की खडू मोडला.
कारण दर पावलाला धक्का!
एका सेकंदात अब्जावधी धक्के,
दर धक्क्याला नवी दिशा,
दोन पावलं फळ्याकडे, तीन खिडकीकडे,
आणि आलो कुठून हे लक्षात ठेवायला डोकं नाही.
खाली किनाऱ्यावर तर दाटी आणखी,
दोन धक्क्यांमधली वाट आणखी आखूड.
आपल्याकडे रेणूंना जरा मोकळी जागा मिळते.
वर्ग हसला. मोकळी जागा!
तिचा भाऊ फर्मीन आरिकाहून फोनवर सांगतो,
इथली हवा चावून खाता येते, ये एकदा.

दर गुरुवारी डॉन आन्सेल्मो यायचा.
कथिलाच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं,
छातीत दगडाची पूड.
सिलिंडर नंबर चारशे सतरा,
मानेला लाल लोकरीचा धागा बांधलेला.
खूण असू दे, म्हणायचा,
नाहीतर कुण्या श्रीमंताचा श्वास माझ्या घरी यायचा.

या गुरुवारी त्याची मुलगी आली.
ढकलगाडीवर सिलिंडर, काटा अर्ध्यावर.
अनामत परत मागितली,
नोटा दोनदा मोजल्या,
धागा तसाच ठेवून गेली.

नियम असा की परत आलेला आधी रिकामा करायचा,
उघड्यावर, विस्तवापासून लांब.
तिबुर्सियाने अंगणात व्हॉल्व्ह फिरवला.
सुस्सऽऽ
तोंडाशी पांढरं दंव धरलं.
आत एकमेकांच्या अंगावर पडणारे
बाहेर आले आणि लांब लांब होत गेले.
कुणी कुणाला निरोप दिला नाही.
एखादा कुत्र्याच्या नाकात गेला असेल,
एखादा पावाच्या भट्टीत,
मिनीबसच्या इंजिनात,
एखादा, काय सांगावं, तिच्याच.
त्यांना धागा बांधता येत नाही.

पांगलेले परत जमू नयेत
असा कायदा नाही, मास्तर म्हणाला होता.
फक्त पांगून राहण्याच्या तऱ्हा इतक्या,
आणि एका जागी असण्याच्या इतक्या थोड्या,
की विश्वाच्या वयाएवढं थांबलात तरी...
तेवढ्यात तास संपला.

आवाज बारीक होत बसला.
तिने पान्याने टकटक केली,
चारशे सतरा खूप वेळ घुमला.
मग नळी जोडली, फेस लावला, काटा चढू दिला,
वहीत आकडा लिहिला.

पहाटे दवाखान्याचा पोऱ्या आला, दोन हवेत म्हणाला.
हात लाल धाग्याच्या सिलिंडरकडे गेला त्याचा.
तो नको, ती म्हणाली, तो अजून भरायचाय.

भरून दोन तास झाले होते.